जीडीबीचा छोटा अपडेट कसा घ्यायचा: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून त्याच्या आत काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्राम. त्याचं १४.१ हे व्हर्जन ३ डिसेंबर २०२३ ला आलं आणि बरोबर तीन महिन्यांनी, ३ मार्च २०२४ ला, १४.२ आलं. या दुसऱ्या व्हर्जनमध्ये नवी सुविधा काही नव्हती. १४.१ मध्ये सापडलेले मोजके बग दुरुस्त केले होते, एवढंच. अशा अपडेटकडे नवशिके सहसा दोन प्रकारे बघतात. काही जण किरकोळ म्हणून सोडून देतात, तर काही जण काय बदललं हे न वाचताच घेऊन टाकतात. माझ्या मते दोन्ही चूक आहे. छोटा अपडेट आधी वाचावा, जुन्या व्हर्जनला हात न लावता शेजारी बसवावा आणि तपासून मगच रोजच्या कामात आणावा. हे सगळं एका संध्याकाळी होण्यासारखं आहे, आणि एकदा केलं की पुढच्या प्रत्येक अपडेटला तीच वाट चालते.

इतकी काळजी कशासाठी, हे आधी सांगतो. डीबगर हा आपला साक्षीदार असतो. जीडीबीने एखाद्या व्हेरिएबलची किंमत ४२ सांगितली की आपण ती खरी मानून पुढचा सगळा तर्क त्यावर रचतो. साक्षीदारच चुकीचं बोलत असेल, तर आपण आपल्या निर्दोष कोडमध्ये रात्रभर चूक शोधत बसतो. ही भीती काल्पनिक नाही. जीडीबी १३.२ मध्ये दुरुस्त झालेल्या बगांपैकी एक असा होता, की सी प्लस प्लसमधल्या स्टॅटिक थ्रेड-लोकल सदस्यांचा (क्लासमधले, पण प्रत्येक थ्रेडला वेगळी प्रत असलेले व्हेरिएबल) मेमरीतला पत्ता काही वेळा चुकीचा काढला जायचा. पत्ता चुकला की त्या जागी वाचलेली किंमतही भलतीच. अशा वेळी जीडीबी क्रॅश होत नाही, तक्रार करत नाही, शांतपणे चुकीचा आकडा दाखवतो. असा बग दुरुस्त करणारं व्हर्जन आकड्यात कितीही छोटं असलं, तरी थ्रेड वापरणाऱ्या माणसासाठी ते मोठंच आहे.

एक सूचना आत्ताच देतो. या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. उदाहरणं लिनक्सवरची आहेत. विंडोजवर एमसिस२ वापरत असाल तर तिथल्या पॅकमॅन या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामकडूनच जीडीबीचं पॅकेज घ्या, स्वतः सोर्स कोडपासून बिल्ड करण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर मॅकचे स्वतःचे प्रोग्राम डीबग करायला जीडीबी चालत नाही. तिथे एलएलडीबी हा दुसरा डीबगर वापरावा लागतो.

आधी आकडा वाचायला शिका

९.१ या व्हर्जनपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून, जीडीबीचे आकडे एका ठरलेल्या पद्धतीने येतात. पहिला अंक मुख्य व्हर्जनचा. टिंबानंतर १ असेल तर ते त्या मालिकेतलं पहिलं अधिकृत व्हर्जन, २ किंवा ३ असेल तर फक्त दुरुस्त्यांचं. म्हणून १४.० नावाचं अधिकृत व्हर्जन तुम्हाला सापडणार नाही. टिंबानंतर ०.५० दिसलं तर तो विकास चालू असतानाचा कोड, आणि ०.९० दिसलं तर अधिकृत व्हर्जनच्या आधी चाचणीसाठी काढलेलं रूप.

याचा उपयोग कसा होतो ते बघा. उबुंटू २४.०४ बाहेर पडलं तेव्हा त्यात जीडीबीचा आकडा १५.०.५० असा होता. आकडा वाचता येत नसेल तर "माझ्याकडे १५ आहे, म्हणजे १४.२ पेक्षा पक्कं" असं वाटतं. प्रत्यक्षात तो १५.१ च्या आधीचा, वाटेतला कोड होता. वाटेतला कोड वाईटच असतो असं मुळीच नाही, पण आपल्या हातात काय आहे ते माहीत असावं.

दुरुस्तीचं व्हर्जन बनतं ते वेगळ्या शाखेतून. १४.१ च्या वेळी १४ ची शाखा मुख्य कोडपासून वेगळी काढली जाते. नव्या सुविधा मुख्य कोडमध्ये जात राहतात, आणि या शाखेत फक्त निवडक दुरुस्त्या येतात. त्यामुळे १४.१ वरून १४.२ वर जाताना तुमच्या सवयी, तुमची सेटिंग फाइल, तुमच्या स्क्रिप्ट बदलाव्या लागू नयेत अशीच अपेक्षा असते. १३ वरून १४ वर उडी मारताना ती खात्री नसते.

तुमच्याकडे आत्ता काय आहे

टर्मिनलमध्ये जीडीबी, मग एक जागा सोडून दोन डॅश आणि व्हर्जन, असं टाइप करा. पहिली ओळ नीट वाचा. उबुंटू २२.०४ वर तिथे १२.१ दिसेल, डेबियन १२ वर १३.१. या ओळीत दोन वेगळे आकडे असू शकतात. शेवटचा आकडा मूळ जीडीबीचा. कंसातला लांबलचक आकडा तुमच्या डिस्ट्रिब्युशनच्या (म्हणजे उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या रूपाच्या) पॅकेजचा.

कंसातल्या त्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. डेबियनसारखी स्थिर डिस्ट्रिब्युशन मूळ व्हर्जन गोठवून ठेवतात आणि गरजेची एखादी दुरुस्ती तेवढीच उचलून आपल्या पॅकेजमध्ये लावतात. तेव्हा मूळ आकडा तसाच राहतो, फक्त पॅकेजचा शेपटीचा आकडा वाढतो. नेमकी कोणती दुरुस्ती आली हे बघायला ॲप्ट चेंजलॉग जीडीबी ही कमांड आहे. तुम्हाला हवी ती दुरुस्ती तिथे आधीच आलेली दिसली, तर पुढचं काही करायची गरजच नाही.

आता जीडीबीला दोन डॅश आणि कॉन्फिगरेशन हा पर्याय देऊन चालवा. एक लांब यादी येईल. ती एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवा. त्यात पायथन आहे का, ऑटो-लोडची फोल्डर कोणती, वेगळ्या डीबग माहितीची जागा कोणती, हे सगळं असतं. स्वतः बिल्ड करायची वेळ आली तर याच यादीशी ताडून बघायचंय.

दुरुस्त्यांची यादी कशी वाचायची

प्रत्येक छोट्या व्हर्जनच्या घोषणेत दुरुस्त झालेल्या बगांची यादी असते. प्रत्येक ओळ पीआर या अक्षरांनी सुरू होते, मग जीडीबीचा कुठला भाग, मग एक क्रमांक आणि एका ओळीचं वर्णन. क्रमांक सोर्सवेअरच्या बगझिलामध्ये, म्हणजे जीडीबीच्या बगांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर, टाकला की पूर्ण कहाणी वाचायला मिळते: कोणाला काय दिसलं, कशामुळे, दुरुस्ती काय केली.

१४.२ च्या यादीतला ३१२५६ हा बग मला शिकवायला फार आवडतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. १४.१ मध्ये लिस्ट या कमांडला एक सोय मिळाली होती. लिस्ट, जागा, आणि नुसतं टिंब दिलं की प्रोग्राम सध्या जिथे थांबलाय त्याच्या आजूबाजूच्या ओळी दिसतात. आधी लिस्ट दोनतीनदा दिली की ती पुढेपुढे सरकत जायची आणि मूळ जागी परतायला फ्रेम ही कमांड किंवा ओळीचा क्रमांक वापरावा लागायचा. टिंबाने ते एका फटक्यात होतं. पण प्रोग्राम डीबग माहितीशिवाय (म्हणजे कोडच्या ओळी आणि नावं यांच्या नोंदीशिवाय) कंपाइल केलेला असेल आणि त्यावर ही कमांड दिली, तर जीडीबी स्वतःच कोसळायचा. कारण साधं होतं. ओळी कुठल्या फाइलमधल्या, हे शोधताना डीबग माहिती नसल्याने नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पत्ता, हाती यायचा, आणि तो नल आहे का हे न तपासता पुढचा कोड त्यातून वाचायला जायचा. सी शिकणारा प्रत्येक जण पहिल्या काही महिन्यांत जी चूक करतो तीच. १४.२ मध्ये तिथे तपासणी आली. आता जीडीबी कोसळत नाही, ओळी दाखवण्याइतकी माहिती नाही एवढं सांगून थांबतो.

हा बग तुमच्या उपयोगाचा आहे का? कंपाइल करताना डॅश जी, म्हणजे डीबग माहिती घालायला सांगणारा पर्याय, विसरणं हे नवशिक्यांचं रोजचं आहे, तेव्हा हो, आहे. आता त्याच यादीतले दुसरे बघा. एक विंडोजवरच्या डीएलएल एक्सपोर्ट फॉरवर्डिंगबद्दल, एक एआरएमवरच्या स्टॅटिक थ्रेडच्या चाचणीबद्दल, एक पायथनमधून फ्रेमची स्टॅटिक लिंक विचारल्यावर होणाऱ्या क्रॅशबद्दल. साधा सी प्रोग्राम इंटेलच्या लॅपटॉपवर डीबग करणाऱ्याला हे तिन्ही शिवणार नाहीत. एआरएमच्या बोर्डवर काम करणाऱ्याने मात्र दुसरा उघडून वाचावा.

यादी वाचताना मी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारतो. हे माझ्या प्रोसेसरचं किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचं आहे का? मी ही कमांड किंवा ही भाषा वापरतो का? आणि बगचं स्वरूप काय, कोसळणं की चुकीचं उत्तर देणं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "चुकीचं उत्तर" असेल आणि पहिल्या दोन्हींचं "हो", तर अपडेट त्याच दिवशी घ्यावा. कोसळणारा बग त्रास देतो, पण तो लपत नाही.

पॅकेज की स्वतःचं बिल्ड

डिस्ट्रिब्युशनने नवं पॅकेज दिलं असेल तर तेच घ्या. उबुंटू-डेबियनवर आधी ॲप्ट अपडेट, मग ॲप्ट इन्स्टॉलला ओन्ली-अपग्रेड हा पर्याय आणि पुढे जीडीबी. अशाने फक्त जीडीबीच बदलतो, बाकी शंभर पॅकेज सोबत हलत नाहीत, आणि नंतर काही बिघडलं तर कारण शोधणं सोपं जातं. हा मार्ग उपलब्ध असेल तर पुढचा बिल्डचा भाग सोडून थेट तपासणीकडे गेलात तरी चालेल.

बिल्ड करायचं कारण दोनच परिस्थितीत येतं: हवी ती दुरुस्ती पॅकेजमध्ये नाही, किंवा मशीन तुमचं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर सुडोचे, म्हणजे सिस्टीम बदलण्याचे, अधिकार नसतात. तिथे आपल्या होम फोल्डरमध्ये बिल्ड केलेला जीडीबी हाच उपाय, आणि तो पूर्ण सुरक्षितही आहे, कारण सिस्टीमच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही.

एम्बेडेडवाल्यांसाठी, म्हणजे छोट्या बोर्डवर प्रोग्राम चालवणाऱ्यांसाठी, एक वेगळी नोंद. बोर्डच्या टूलचेनसोबत (कंपायलर वगैरे साधनांच्या संचासोबत) येणारा जीडीबी हा वेगळा प्रोग्राम असतो, त्याचं नावही वेगळं असतं. सिस्टीमचा जीडीबी अपडेट करून तो बदलत नाही. आकडा बघायचा तो त्या टूलचेनमधल्या जीडीबीचा.

होम फोल्डरमध्ये बिल्ड

जीएनयूच्या एफटीपी साइटवर जीडीबीच्या फोल्डरमध्ये टार-एक्सझेड फाइल मिळते, आणि शेजारी त्याच नावाची सिग शेपूट असलेली सहीची फाइल. दोन्ही उतरवा, आणि जीएनयूची की-रिंगही त्याच साइटवरून घ्या. जीपीजीच्या व्हेरिफाय पर्यायाने सही तपासा. "गुड सिग्नेचर" दिसलं की पुढे चला. की-वर तुमचा विश्वास नोंदलेला नाही अशी सूचना सोबत येईल, ती अपेक्षितच आहे. "बॅड सिग्नेचर" दिसलं तर फाइल काढून टाका आणि पुन्हा उतरवा. डीबगर तुमच्या प्रोग्रामची सगळी मेमरी वाचू शकतो, तेव्हा तो कुठून आला हे तपासण्यात आळस नको.

आता लागणारी सामग्री. जीसीसी, जी प्लस प्लस आणि मेक तर हवेतच. त्याखेरीज जीएमपी आणि एमपीएफआर या दोन लायब्ररींची डेव्ह पॅकेज (त्यांच्यासोबत बिल्ड करायला लागणाऱ्या फाइलींची) लागतात. ती नसतील तर कॉन्फिगर, म्हणजे बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट, स्पष्ट सांगतो की जीएमपी ४.२ किंवा पुढची आणि एमपीएफआर ३.१.० किंवा पुढची हवी, आणि तिथेच थांबतो. शिवाय पायथन ३, एनकर्सेस आणि एक्स्पॅट यांची डेव्ह पॅकेज, आणि टेक्सइन्फो. सुडो असेल आणि सोर्स रिपॉझिटरी चालू केलेली असेल तर ॲप्ट बिल्ड-डेप जीडीबी ही एकच कमांड हे सगळं आणते. लॅबच्या मशीनवर ही पॅकेज नसतील तर लॅब सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना एकदाच विनंती करून बसवून घ्या.

फाइल उलगडली की तिच्या आत बिल्ड करू नका. शेजारी एक रिकामं फोल्डर बनवा आणि तिथून कॉन्फिगर चालवा. काही चुकलं तर ते फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करता येते, मूळ कोड स्वच्छ राहतो. कॉन्फिगरला दोन पर्याय द्या. पहिला प्रीफिक्स: होम फोल्डरमधली एक जागा, आणि तिच्या नावात व्हर्जन असू द्या, उदाहरणार्थ टूल्स या फोल्डरमध्ये जीडीबी-१४.२. पुढचं व्हर्जन आलं की त्याला त्याचं वेगळं फोल्डर, म्हणजे दोन्ही एकत्र नांदतात. दुसरा पर्याय विथ-पायथन, आणि त्यापुढे तुमच्या पायथन ३ चा पूर्ण पत्ता.

हा दुसरा पर्याय हमखास द्या. तो दिला नाही आणि पायथनचं डेव्ह पॅकेज नसलं, तर कॉन्फिगर अडत नाही. एखादी सूचना शेकडो ओळींमध्ये वाहून जाते आणि तुम्हाला पायथनशिवायचा जीडीबी मिळतो. तो चालतो, ब्रेकपॉइंट लावतो, सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस सी प्लस प्लसचा व्हेक्टर छापायला जाता आणि त्यातल्या पाच आकड्यांऐवजी आतल्या पॉइंटरांचं जंजाळ समोर येतं. व्हेक्टर, मॅप, स्ट्रिंग वाचण्याजोग्या रूपात दाखवणारे प्रिटी-प्रिंटर पायथनमध्ये लिहिलेले आहेत. १४ मध्ये आलेला डीबगर अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉलचा (एडिटर आणि डीबगर यांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीचा) आधारही पायथनवरच चालतो. पायथनचा पत्ता स्पष्ट दिला की ते न सापडल्यास कॉन्फिगर चूक दाखवून थांबतो, आणि आपल्याला तेच हवंय.

मग मेक. डॅश जे आणि पुढे आकडा दिला की तितकी कामं एकाच वेळी चालतात. जीडीबी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असल्याने कंपाइल करताना मेमरी बरीच लागते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोनच्या वर जाऊ नका आणि ब्राउझर बंद ठेवा. काहीशे एमबी जागाही मोकळी हवी. चहा करून प्यायला पुरेसा वेळ लागतो, जुन्या मशीनवर त्याहून जास्त.

बसवताना नुसतं मेक इन्स्टॉल म्हणू नका. मेक, डॅश मोठा सी, जीडीबी, इन्स्टॉल असं म्हणा. जीडीबीच्या कोडसोबत बीएफडीसारख्या इतर साधनांशी सामायिक लायब्ररीही येतात, आणि नुसत्या मेक इन्स्टॉलने त्याही बसतात. होम फोल्डरमध्ये त्याने फारसं बिघडत नाही, पण सिस्टीमच्या फोल्डरमध्ये त्या बिनयुटिल्स या जीएनयूच्या साधनसंचाच्या फाइलींशी भांडू शकतात. सवय पहिल्यापासून बरोबर लागलेली बरी. आणि बिल्ड फोल्डरमधून जीडीबीची एकटी फाइल उचलून दुसरीकडे नेऊ नका. तिला आपल्या शेअर फोल्डरमधल्या पायथनच्या फाइली लागतात. त्या सापडल्या नाहीत तर सुरू होतानाच पायथनचं जीडीबी मॉड्यूल लोड करता आलं नाही अशी तक्रार येते.

तपासणी

नवा जीडीबी अजून पाथमध्ये (टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांड शोधतं त्या यादीत) टाकू नका. पूर्ण पत्ता देऊन चालवा, आणि पहिल्या वेळी डॅश एनएक्स हा पर्याय लावा. त्याने तुमची जीडीबीइनिट ही सेटिंग फाइल वाचली जात नाही. काही गडबड दिसली तर ती नव्या व्हर्जनची की तुमच्या जुन्या सेटिंगची, हे लगेच कळतं.

एक छोटा सी प्रोग्राम लिहा: पाच आकड्यांचा अ‍ॅरे, त्यांची बेरीज करणारं वेगळं फंक्शन, आणि मेनमधून त्याला हाक. डॅश जी आणि डॅश मोठा ओ शून्य देऊन कंपाइल करा. बेरीज फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा, रन करा, थांबल्यावर बॅकट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला हाक मारली त्याची यादी, बघा. वर बेरीज आणि खाली मेन, अशा दोन फ्रेम (यादीतल्या नोंदी) दिसल्या पाहिजेत. नेक्स्ट देत लूपमधून दोन-तीन फेऱ्या मारा आणि दर फेरीला बेरजेचा व्हेरिएबल प्रिंट करून कागदावरच्या बेरजेशी जुळवा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण साक्षीदार खरं बोलतोय की नाही हे इथेच कळतं. शेवटी फिनिश द्या. परत आलेली किंमत बरोबर असली की सी चा पाया ठीक आहे.

आता तोच प्रोग्राम डॅश जी न देता कंपाइल करा. मेनवर थांबवा आणि लिस्ट टिंब द्या. १४.२ मध्ये नम्र सूचना येऊन जीडीबी चालू राहिला पाहिजे. यादीतली दुरुस्ती खरोखर तुमच्या हातात आली, याचा हा पुरावा. कुठल्याही व्हर्जनच्या यादीतली तुमच्या कामाची एक ओळ अशीच निवडावी आणि स्वतः करून बघावी.

मग पायथन. जीडीबीच्या आत पायथन, जागा, आणि प्रिंटमध्ये एखादा आकडा द्या. आकडा आला तर पायथन आहे. या जीडीबीत पायथन स्क्रिप्टिंगची सोय नाही असं उत्तर आलं तर कॉन्फिगरपासून पुन्हा करा.

पायथन आहे, तरीही व्हेक्टर अजून जंजाळासारखाच दिसतो, असं होम फोल्डरमधल्या बिल्डमध्ये अगदी हमखास होतं आणि इथे बरेच जण हात टेकतात. कारण असं: प्रिटी-प्रिंटरच्या फाइली डिस्ट्रिब्युशनने यूएसआर, शेअर, जीडीबी, ऑटो-लोड या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. तुमचा नवा जीडीबी मात्र त्या आपल्या प्रीफिक्सखालच्या शेअर फोल्डरमध्ये शोधतो, आणि तिथे त्या नसतात. उपाय दोन ओळींचा. होममधल्या जीडीबीइनिट फाइलमध्ये ॲड-ऑटो-लोड-स्क्रिप्ट्स-डिरेक्टरी ही कमांड त्या फोल्डरच्या पत्त्यासह लिहा, आणि खाली ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ तोच पत्ता देऊन. पहिलीने जागा कळते, दुसरीने त्या जागेवर विश्वास ठेवायला परवानगी मिळते. ही परवानगी जीडीबी मुद्दाम मागतो. अनोळखी फोल्डरमधली स्क्रिप्ट आपोआप चालली तर ती तुमच्या नावाने काहीही करू शकते. म्हणून सेफ-पाथमध्ये सगळी डिस्क टाकण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो घेऊ नका. आता डॅश एनएक्स न लावता जीडीबी सुरू करा आणि व्हेक्टर पुन्हा छापून बघा.

आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला जीडीबी जोडताना, म्हणजे अटॅच करताना, "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर अपडेटला दोष देऊ नका. उबुंटूवर कर्नलचं यामा हे सुरक्षा मॉड्यूल पीट्रेस स्कोप (कोणी कुणाचा प्रोग्राम डीबग करावा हे ठरवणारी सेटिंग) १ वर ठेवतं, आणि त्यामुळे जीडीबी स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामलाच सहज हात लावू शकतो. जुन्या जीडीबीने करून बघा, तीच अडचण येईल. कुठलीही शंका आली की हीच कसोटी लावा: तेच पाऊल जुन्या व्हर्जनवर टाकून बघा. जुना अजून जागेवर आहे तो त्यासाठीच.

रोजच्या कामात आणताना

तपासणी झाली की प्रीफिक्सखालचं बिन फोल्डर पाथच्या सुरुवातीला जोडा. उघड्या टर्मिनलमध्ये जुनाच जीडीबी सुरू होत राहिला तर हॅश डॅश आर द्या. बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं, तो याने विसरला जातो.

एडिटर वेगळा सांगावा लागतो. व्हीएस कोडमध्ये सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन वापरत असाल तर लाँच-जेसॉन फाइलमध्ये एमआय-डीबगर-पाथ नावाची ओळ असते. तिथे यूएसआर बिनमधला पत्ता लिहिलेला असेल, तर पाथ कितीही बदला, एडिटर जुनाच जीडीबी उघडणार. तिथे नवा पत्ता लिहा. मग डीबग सुरू करून डीबग कन्सोलमध्ये डॅश एक्झेक आणि पुढे शो व्हर्जन असं द्या. जो आकडा येईल तोच एडिटर खरोखर वापरत असलेला जीडीबी. अपडेट केला तरी बग तसाच आहे असं सांगत येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हीच कमांड द्यायला सांगतो.

सिस्टीमचा जीडीबी काढून टाकू नका. जागा थोडीच अडते, आणि परत फिरायची वेळ आली तर पाथमधली एक ओळ काढली की झालं.

नव्या व्हर्जनमध्येच काही बिघडलं तर

छोट्या व्हर्जनमध्ये नवा बग येण्याची शक्यता कमी असते, शून्य नसते. जुन्यावर चालणारी आणि नव्यावर मोडणारी गोष्ट सापडली, तर कामासाठी जुन्यावर परत जा आणि सापडलेलं कळवा. १४.२ मधली प्रत्येक दुरुस्ती कुणीतरी असंच कळवल्यामुळे आली आहे, आणि कळवायला जीडीबीच्या आतलं काही माहीत असावं लागत नाही.

आधी बगझिलामध्ये शोधा, कदाचित तक्रार नोंदलेली असेल. नसेल तर प्रोग्राम कापत कापत लहान करा, जिथे एकही ओळ काढली की बग दिसेनासा होतो तिथपर्यंत. डॅश एनएक्स लावूनही तो दिसतो याची खात्री करा. अहवालात व्हर्जनची पहिली ओळ जशीच्या तशी, कंसातल्या आकड्यासकट, द्या. डिस्ट्रिब्युशन, कंपायलरचं व्हर्जन आणि कंपाइलची पूर्ण ओळ द्या. मग जीडीबीत दिलेल्या कमांड क्रमाने, काय अपेक्षित होतं आणि काय दिसलं. आधीचं कोणतं व्हर्जन बरोबर चालतं हेही लिहा. सुधारणाऱ्याला त्याने फार मदत होते, कारण मधले मोजकेच बदल तपासावे लागतात. जीडीबी कोसळला असेल तर "फेटल सिग्नल" या शब्दांखाली तो स्वतःचाच बॅकट्रेस छापतो. तो पूर्ण चिकटवा, मधल्या ओळी गाळू नका. कंपनीचा किंवा प्रोजेक्टचा गोपनीय कोड मात्र जोडू नका. लहान केलेल्या प्रोग्राममध्ये व्हेरिएबलांची आणि फाइलींची नावंही बदलून घ्या, आणि बदलल्यावर बग अजून दिसतोय ना, हे पाठवण्याआधी एकदा चालवून बघा.